पांढऱ्या ठिपक्यांचा दगड

बोरिवलीला आमच्या शेजारी राहणारे काका दगड दिसला की आधी जिभेला लावायचे; ओला केला की त्याची जात कळते, म्हणायचे. ऐंशीच्या दशकात ते रविवारी आम्हा शेजाऱ्यांना डोंगरातल्या तुळशी तलावावर न्यायचे. ही तलावाची वाटी लाव्ह्याच्या थरांत बसलीय, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी पांढरे स्फटिक भरलेत, असं भरभरून सांगायचे. पण कुणी खडा उचलला की ओरडलेच, "जिथलं तिथं!" एकदा काकूंनी पांढऱ्या ठिपक्यांचा काळा दगड पदरात घेतला. "देवापाशी ठेवते हो," म्हणाल्या. सगळ्यांदेखत काकांनी तो परत ठेवायला लावला.

काकू अचानक गेल्या. मूलबाळ नव्हतं, म्हणून मडकं काकांच्याच खांद्यावर आलं. ते फोडायला गुरुजींनी तिथलाच एक खडा अश्मा म्हणून पुढे केला. गेलेल्या माणसाच्या जागी दहा दिवस तोच पुजतात. काकांनी तो जिभेला लावला. स्मशानात! मला धरणी दुभंगल्यासारखं झालं.

"हे सिमेंट आहे," म्हणत त्यांनी खिशातून तोच ठिपक्यांचा दगड काढून पुढे केला. सकाळी सगळे त्यांना शोधत होते, तेव्हा ते कुठे गेले होते ते मला आत्ता कळलं.

दहाव्याला अश्मा पाण्यात सोडायचा. मी हळूच म्हटलं, "काका, तलावातच सोडू या ना? जिथलं तिथं."

त्यांनी मूठ आवळली. "हा घरी येणार."

"अहो, अश्मा घरात?" गुरुजी ओरडलेच.

"तिने देवापाशी ठेवायला मागितला होता," काका म्हणाले आणि चालू लागले.