माझ्या उड्या, सुमनवर आळ

माझ्या बायकोवर करणीचा आळ आला, आणि त्याला कारण माझं पोट होतं. ही गोष्ट मी बावीस वर्षं कुणाला सांगितली नाही. मुळात मी बोलतोच कमी. (लोक याला स्वभाव म्हणतात. खरं तर तो भित्रेपणा आहे. पण माणूस गप्प बसला की तोही शहाणपणासारखा दिसतो.)

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही सुरतेला डिंडोलीत राहत होतो आणि मी पांडेसऱ्याच्या एका साड्यांच्या प्रोसेस हाउसमध्ये कलर मास्तर होतो. साडीवर छापलेला रंग पाण्यात सुटू नये, हे बघायचा मला पगार मिळायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

कारखान्यात अधूनमधून एक डॉक्टर तपासणीला येत. कलिंगड घेताना वाजवून बघतात तसं त्यांनी माझं पोट वाजवलं आणि म्हणाले, "मास्तर, रोज सवारे दोरडां कूदो."

दोरीवरच्या उड्या! मला भयंकर राग आला. मी अडतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, माझ्या हाताखाली अकरा माणसं. शाळेतल्या पोरी मधल्या सुट्टीत जे करतात ते मी करायचं? आमच्या गल्लीतले पुरुष बारा तास लूमवर उभे राहून घरी यायचे आणि भिंतीला टेकायचे. पोट कमी करायला उड्या मारतो असं तिथे कळलं असतं, तर मला गल्ली बदलावी लागली असती.

पण डॉक्टरांनी पुढे हृदयाचंही काहीतरी सांगितलं होतं, म्हणून दोरी आणायला गेलो. दुकानातली दोरी माझ्या गुडघ्यालाच अडकत होती. दुकानदार म्हणाला, "बेबी माटे छे ने?" मी "हो, मुलीसाठीच" म्हणालो आणि न घेताच परतलो.

मग मी स्वतःच दोरी केली. कारखान्यात लाल साड्यांचे कापून टाकलेले काठ पडलेले असत. त्यांच्या पट्ट्या करून तीनपदरी वेणी घातली. पण ती इतकी हलकी झाली की फिरवली तरी हवेत तरंगायची. वजन यावं म्हणून मी ती बादलीत भिजवायला लागलो. ते तुकडे वाफ द्यायच्या आधीच कापलेले होते. वाफ न दिलेला छापा पाण्यात टिकत नाही, हे आमच्याकडचा झाडूवालाही सांगेल. कलर मास्तरच्या ते डोक्यात आलं नाही.

पहाटे बादली घेऊन मी गच्चीवर जायचो. सुमनला सांगितलं होतं, "सूर्याला पाणी घालतो." तिला इतका आनंद झाला की तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं. एका श्वासात माझ्या चार उड्या व्हायच्या. पाचवीला दोरी पायात, मी कठड्यावर, आणि तोंडात सूर्याला शोभणार नाहीत असे शब्द.

आमची गच्ची आणि शेजारच्या आक्काची गच्ची यांच्यामध्ये फक्त तो गुडघाभर कठडा होता. आक्का शिरपूरकडची, सुमनच्या माहेरच्या गावाजवळची. तिच्या मुलीचं, वंदनाचं, वैशाखात लग्न होतं आणि मुलीबरोबर द्यायला तिनं ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, घातले होते. अर्धे वाळलेले पांढरेशुभ्र बिबडे चार खाटांवर पसरलेले. माझ्या उड्यांच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"काय व्हयनं व माय! मन्हा बिबडासवर कोन्ही कुंकू फेकं?"

चारही खाटांवर लाल ठिपक्यांच्या रांगा. एकामागे एक, बाकदार, जणू कुणी मंत्र म्हणत ओंजळीनं शिंपडलं होतं. गल्ली गच्चीवर जमली. आदल्याच दिवशी नळावर हंडा आधी कुणाचा यावरून आक्का आणि सुमनचं वाजलं होतं. सगळ्यांनी फक्त सुमनकडे पाहिलं.

"मी?" सुमन म्हणाली. "वंदनाला मी कडेवर खेळवलंय, आक्का."

"म्हनीसनच तर," आक्का म्हणाली. "जवळनाच मानूस करस."

आता माझ्यातला माणूस जागा व्हायला हवा होता. झालाही. मी त्वेषानं पुढे झालो आणि अंधश्रद्धेवर पंधरा मिनिटं भाषण दिलं. विज्ञान कुठे गेलं, आपण कुठे आहोत, असं बरंच. (आयुष्यात इतकं सलग मी त्याआधी बोललो नव्हतो.) भाषण करताना माझे दोन्ही तळवे लालभडक होते. पण रंगखात्यातल्या माणसाचे हात लालच असायचे, कुणी पाहिलंसुद्धा नाही. सुमन माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिच्यासाठी मी डोंगर उचलला होता. ती नजर मला अजून टोचते.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात उड्या होत्या, पोट होतं, आणि कलर मास्तरचा सुटलेला रंग होता. एका वाक्यात एवढी बेअब्रू मला झेपेना.

आक्कानं कोसाडहून एक भगत आणला. त्यानं कठड्यावर लिंबं मांडली, सुमनच्या दाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "बांधून टाकलं." भीतीनं मी आधीच उड्या थांबवल्या होत्या, त्यामुळे ठिपके थांबले. झालं. भगत खरा ठरला आणि सुमनवरचा आळ पक्का झाला. माझ्या बायकोला बदनाम करून तो नारळ आणि कोंबडी घेऊन गेला, आणि तोंडावर मला सांगून गेला, "साहेब, तुम्ही सांभाळून राहा." मला सांगत होता. सांभाळून राहायला!

मग मी डोकं चालवलं. सुमनला चार दिवस नंदुरबारला तिच्या भावाकडे पाठवलं. ती सुरतेत नसताना ठिपके पडले, तर ती सुटली. सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी भिजवून मी जीव तोडून अठरा उड्या मारल्या. (माझा विक्रम. आजही.) आक्कानं नवे बिबडे घातले होते. ते सगळे रंगले.

सकाळी मी कठड्यापाशी जाऊन तयार वाक्य म्हटलं, "आक्का, आता बोला. सुमन तर नंदुरबारला आहे."

आक्कानं खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, एवढ्या लांबून? मंग तर ती भलती पक्की शे."

वंदनाच्या हळदीला सुमनला बोलावणं आलं नाही. मांडव आमच्या दारापर्यंत आला होता. सुमननं दार लावून घेतलं आणि दिवसभर गहू निवडले. निवडायचे गहू संपले, तेव्हा तिनं तेच पुन्हा निवडले. बाहेर हळदीची गाणी चालली होती. वंदना लहान असताना तिच्या वेण्या सुमन घालायची. मी खाटेवर बसून होतो आणि मनात रोज सांगायचं ठरवत होतो. उद्या, उद्या. दोरी मी कारखान्याच्या बॉयलरमध्ये टाकली. तेवढंच धाडस केलं.

मागच्या महिन्यात वंदनाची मुलगी पाहायला आक्काकडे पाहुणे येणार म्हणून गल्लीत पुन्हा हालचाल सुरू झाली, आणि सुमननं नेहमीसारखं आमचं दार लावून घेतलं. तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. मी तिला पलंगावर बसवून सगळं सांगितलं. दोरी, बादली, सूर्य, नंदुरबार.

ती म्हणाली, "सूर्याला पाणी घालत नव्हता तुम्ही?"

"नाही."

"एक दिवस पण नाही?"

"नाही."

"चला," ती उठली. "हे आक्काला सांगा. माझ्यासमोर."

आक्का आता थकली आहे, पण कान शाबूत. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि काहीही न लपवता सांगितलं. पोट सांगितलं, उड्या सांगितल्या, सुटलेला रंगही सांगितला. बावीस वर्षांचं ओझं उतरत होतं. सुमन दारात ताठ उभी होती.

आक्कानं शांतपणे ऐकलं. डोळ्याला पदर लावला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, तू देवमानूस शे. बायकोनं नाव राखाले एवढं खोटं कोन बोलस?"

"आक्का, खोटं नाही. मीच..."

"राहू दे रे. कलर मास्तरना रंग कधी सुटस का? आनी तू उड्या मारस?" तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पोटापाशी जरा जास्त वेळ थांबली. मग तिनं सुमनला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाई, हाऊ नवरा अजूनबी तुन्हा मुठमा शे. याले तू खावाले काय घालं व्हतं?"