आवाज न करणारं शटर

परवा रविवारी मेडशीला माहेरी गेले होते. कॅमेरा आणि ट्रायपॉड सोबत होता, कारण आईला तिचा आणि बाबांचा, दोघांचा एक फोटो हवा होता. लग्नातले फोटो ओल लागून कधीच गेले, आणि नंतर दोघांचा असा काढलाच नाही कुणी...

अडचण बाबांची होती. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. आता चालतात, शेतातही जाऊन येतात, पण तोंडाची डावी बाजू थोडी खाली ओढलेली राहिली. तेव्हापासून कॅमेरा दिसला की बाबा उठून जातात. चुलत बहिणीच्या लग्नात तर जेवणाच्या मंडपातच बसून राहिले.

आईनं सकाळपासून मनधरणी केली, तेव्हा ‘एकच काढायचा’ या अटीवर ते ओसरीत येऊन बसले. मी एकेक फोटो निघतो तो साधा मोड ठेवला. ‘खट्’ आवाज झाला आणि त्याच क्षणी बाबांनी ओठ आवळून मान वळवली.

मग टायमर लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला, तसे बाबा इंजेक्शनची वाट पाहावी तसे ताठ झाले... शेवटी बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात, तो मोड लावला. म्हटलं, एवढ्यात एखादा तरी चांगला येईल. सगळ्यांत मान वळलेलीच.

बाबा म्हणाले, “राहू दे वं. तोंडच वाकडं हाय, त्याले तुहा कॅमेरा काय करीन?”

आईनं तुरीच्या शेंगांचं टोपलं पुढ्यात ओढलं आणि सोले, म्हणजे ओले हिरवे दाणे, काढायला लागली. तिचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

मग मला सायलेंट मोड आठवला. त्यात आवाज अगदीच दबका होतो, दोन हातांवर बसलेल्याला ऐकू येत नाही. मी बाबांना सरळ सांगितलं, कॅमेरा चालू ठेवते, तुम्ही तिकडे बघूच नका, आणि नाही आवडले तर तुमच्यासमोर सगळे पुसून टाकीन. त्यांनी ‘कर काय करायचं ते’ असा हात हलवला.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, फोकस पक्का केला आणि रिमोट ओढणीखाली धरून मीही शेंगा सोलायला बसले. थोड्या वेळानं बाबांचाही हात टोपल्यात आला. घरात आता दुपारच्या सोलेभाताचाच विषय होता...

आई दर दोन-तीन शेंगांमागे चार दाणे तोंडात टाकत होती. बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “सोलून राह्यली का खाऊन राह्यली?”

आई त्यांच्याकडे बघून इतकी हसली की मांडीवरचे दाणे सांडले. तिच्याबरोबर बाबाही हसले, ओठ न आवळता. मी ओढणीखाली बटण दाबलं. दोघांनाही कळलं नाही.

दाखवण्याआधी मी एकदा पाहून घेतला. फोटोत बाबांचं तोंड होतं तसंच आलं होतं, हसण्यानं जरा जास्तच ओढलेलं. ते नको म्हणणार हे धरून मी पुसायच्या बटणावर अंगठा ठेवूनच कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. मी त्यांचा चेहरा मोठा केला, तर म्हणाले, माझा नाही, तुझ्या आईचा. खूप वेळ बघत राहिले...

“माह्याकडे पाहून अशी हासते काय ही?” मग कॅमेरा परत देत म्हणाले, “हाच ठेव. मोठा करून आन.”

काल वाशीमला प्रिंटला टाकला. बाबांचा चेहरा सरळ दिसेल असा कोन मी शोधत बसले होते, आणि आईला तो कधी वाकडा दिसलाच नव्हता. बाबांना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं, यातच मी खूश आहे.