उद्घोषक काकांचे दिवे

फोन उचलला की आधी दोनदा टकटक ऐकू यायची. मग खाकरणं. मग खर्जातला, एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखा आवाज यायचा.

"नमस्कार. पडेगावहून बोलतोय. हॉलमधला दिवा नियोजित वेळेच्या आधीच गेलेला आहे. कृपया नोंद घ्यावी."

"काका, आत्ता गेला का?"

"आत्ताच सुटला."

ती टकटक कसली, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. फोनच खराब आहे असं वाटायचं. त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झाल्यावर पाहिलं, बोलायच्या आधी ते फोनवर बोटानं दोनदा टिचकी मारायचे. त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर माइकसमोर गेली होती. माइक चालू आहे की नाही हे तपासायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तुमच्यापैकी कुणी त्या काळात आमच्या स्थानकावर जालन्याच्या नाहीतर पैठणच्या गाडीची वाट पाहिली असेल, तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. चेहरा मात्र पाहिला नसेल.

माझं काम मोबाइलवर चालणारे स्विच बसवायचं. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले आणि शहरातल्या एका छोट्या दुकानात लागले, तेव्हा शहर चहूबाजूंनी वाढत होतं. ज्वारीच्या रानात इमारती उभ्या राहत होत्या. जाहिरातीत बोटावर चालणारं घर असायचं आणि नळाला पाणी मात्र आठ-आठ दिवस नसायचं. लागोपाठ पावसानं दगा दिलेली वर्षं होती ती. लोक फ्लॅट बघायला आले की आधी स्वयंपाकघर बघत नसत, टाकी केवढी आहे ते विचारत.

काकांचा फ्लॅट अशाच एका इमारतीत, पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला. काकू वारल्यावर पुण्याच्या लेकीनं सगळ्या घराला असे स्विच बसवून घेतले. बापाला अंधारात चाचपडायला नको, हा तिचा विचार. काकांचा उजवा डोळा लहानपणीच अधू झालेला. गावी, शेंद्र्याला, बकऱ्यांमागं फिरताना बाभळीचा काटा लागला होता. "त्या डोळ्यानं दिवस आहे का रात्र एवढंच कळतं," ते सांगायचे. "बाकी सगळा कारभार डावीकडं."

बोलून दिवे लावायचं यंत्रही लेकीनं आणून दिलं होतं. काका त्याला 'बाई' म्हणायचे. बाईशी त्यांचं कधी जमलं नाही. बाईला तीन शब्दांत हुकूम लागायचा आणि काका तिला पूर्ण उद्घोषणा ऐकवायचे. "स्वयंपाकघरातील दिवा आता लागणार आहे, तरी संबंधितांनी..." इथपर्यंत आले की बाई म्हणायची, मला समजलं नाही. काका माझ्याकडं बघून म्हणायचे, "एवढं शुद्ध बोललं तरी कळंना. हिची बदली करा कुठंतरी."

तर त्यांच्या घरातले दिवे आपोआप बंद पडू लागले. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी जेवताना. पहिला संशय लेकीवर गेला. तिच्या मोबाइलवरूनही इथले दिवे चालायचे. काकांनी मला समोर बसवून तिला फोन लावला. टकटक केली.

"पुण्याहून दिवे बंद होत असल्याच्या तक्रारी आलेल्या आहेत."

"बाबा, एकदाच केला होता मी. बाल्कनीतला. तुम्ही दिवसभर चालू ठेवला होता."

"बघा, कबुली आली," काका मला म्हणाले आणि गालात हसले. पण बाकीचे दिवे तिनं बंद केले नव्हते, हे मोबाइलवर मलाही दिसत होतं.

मग मी सगळे बोर्ड उघडले. तारा आवळल्या, एक स्विच बदलला, वायफायची पेटी कपाटावरून खाली आणली. मी स्टुलावर असले की ते खुर्ची ओढून बसायचे आणि स्थानकावरच्या गोष्टी सांगायचे. एकदा सांगितलं, शहागंजच्या बाजूची एक म्हातारी गर्दीत लेकापासून चुकली. तिला मराठी येईना आणि लेकाचं नाव सांगताना तिला रडू फुटे. उद्घोषणा ठरलेल्या नमुन्यातच करायची, असा नियम. काकांनी तिला आपल्या खोलीत बसवलं, चहा पाजला आणि माइकवर म्हणाले, "जिसकी अम्मा हरी साडी में हैं और गुस्से में हैं, वो फौरन खिडकी पे आ जाव."

"आला?"

"तिघं आले. तिघांच्याही अम्मा रागातच होत्या."

मी हसून स्टुलावरून पडायची राहिले.

खरं कारण सापडलं ते टँकरमुळं. मी बोर्ड उघडून बसले होते आणि खाली टँकरचा भोंगा वाजला. बायका कळशा घेऊन धावल्या. उरलेलं पाणी वरच्या टाकीत चढवायला वॉचमननं मोटर सुरू केली, तशी हॉलमधली ट्यूब क्षणभर मिचमिचली आणि विझली. स्वयंपाकघरातला दिवाही गेला. जुनी मोटर सुरू होताना सगळी वीज ओढून घ्यायची. विजेचा दाब घसरला की माझे स्विच गुंगी आल्यासारखे बंद पडायचे आणि पुन्हा जागे व्हायचे ते 'बंद' म्हणूनच. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून दिव्यांचाही नव्हता.

काकांना हे फार आवडलं. "म्हणजे पाणी आलं की उजेड जातो. मराठवाड्याला दोन्ही एकदम मिळायचं नाय, असं लिहिलंय व्हय कुठं?"

मी मोटरसाठी वेगळी लाइन ओढून घ्यायला लावली. स्विचनाही सांगून ठेवलं की वीज परत आली की आधी होता तसाच राहा. पुढच्या टँकरला आम्ही दोघं मुद्दाम हॉलमध्ये बसलो. मोटर घरघरली, दिवा हलला नाही. काकांनी उठून शेजारच्या दोन्ही दारांवर जाऊन ही वार्ता दिली.

आठवडा गेला असेल, नसेल. फोन वाजला. टकटक.

"हॉलमधला दिवा पुन्हा गेलेला आहे."

मी मोबाइलवर पाहिलं. दिवा चालूच दिसत होता. "काका, मला चालू दिसतोय."

"तुमच्याकडं चालू असेल. इथं गेला होता. आता आला."

असं परत झालं. मग परत. दर वेळी माझ्याकडं नोंद स्वच्छ, दर वेळी त्यांचा आग्रह. खरं सांगायचं तर मी कंटाळले होते. एकटा माणूस, वेळ जात नाही, म्हणून फोन करत असेल, असंही मनात आलं. दुकानातला मालकही म्हणाला, "तो म्हातारा तुला चहा प्यायला बोलावतो." तरी गेले. तो आवाज ऐकला की जावंसं वाटायचं.

दुपार होती. बाल्कनीचं दार सताड उघडं, उन्हाचा पट्टा फरशीवरून सोफ्यापर्यंत आलेला. वर दिवाही लावलेला. काका कपात साखर ढवळत मला शेजाऱ्यांच्या भांडणाचं सांगत होते. मध्येच चमचा थांबला.

"हं. गेला बघा."

मी वर पाहिलं. दिवा जळत होता. खाली पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ऊन पडलं होतं.

"काय गेलं, काका?"

"दिवा. वरून पडदा ओढल्यासारखा गेला."

  मी उठून त्यांच्या हातातला कप काढून घेतला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"दिवा चालू आहे का?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाज माइकवरचा नव्हता.

"व्हय काका. चालू आहे. ऊनही आहे."

 मी मनगट तसंच ठेवलं. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेले, कुणाचातरी कुकर वाजला. थोड्या वेळानं त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणजे खरंच माझ्याकडं पाहिलं.

"आला," ते म्हणाले. "येतो परत. दर वेळी येतो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंदाज होता. पण दिवा गेला म्हटलं की तू येतेस, बोर्ड उघडतेस, काहीतरी आवळतेस. डोळा गेला म्हटलं तर कोण काय आवळणार?"

मला त्यांचा राग आला, आणि आपण या माणसाच्या फोनला कंटाळलो होतो, याची लाजही वाटली. मी म्हणाले, "लेकीला फोन लावा."

"नको. ती मला पुण्याला नेईल. इथं मी जिन्यानं खाली उतरतो, चहाच्या टपरीवर मला चार माणसं आवाजानं ओळखतात. तिथं माझा आवाज कुणाला ठाऊक?"

"नेलं तर नेऊ द्या. आधी डॉक्टर."

"तू नको सांगू तिला."

"मी नाही सांगत. तुम्ही सांगा. पण मी इथून हलणार नाही."

त्यांनी बराच वेळ फोन हातात धरला, मग लावला. लेकीनं 'बाबा?' म्हटलं, तरी टिचकी वाजली नाही. नमस्कार नाही, पडेगावहून नाही. ते एवढंच म्हणाले, "बाळा, मला मधूनमधून दिसंना झालंय." आणि फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेले. तिथून नळ सोडल्याचा आवाज आला. नळाला पाणी नव्हतं, नुसती हवा आली.

संध्याकाळच्या आत मी त्यांना स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि म्हणाल्या, डोळ्यात फारसं काही नाही, मानेतल्या रक्तवाहिनीत अडथळा असणार. रक्ताची बारीक गुठळी वर जाते आणि डोळ्याचा पुरवठा थोडा वेळ तुटतो. अजून दुर्लक्ष केलं असतं तर एक दिवस नुसता डोळा नाही, अर्धं अंगही गेलं असतं. तिथूनच त्यांना मोठ्या दवाखान्यात भरती केलं. लेक रातोरात निघून आली. तिनं मला पाहिलं, पुढं आली आणि माझी पिशवी माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. ती अजून अवजारांनी भरलेलीच होती, हे माझ्याही लक्षात नव्हतं.

मानेवर शस्त्रक्रिया झाली. ती नीट झाली. डोळा वाचला. फक्त काही आठवडे काकांचा आवाज बसला, कुजबुजल्यासारखा झाला. नर्सनं पाणी हवं का विचारलं तर हातवारे करायचे. डोळ्याची त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, पण आवाजासाठी डॉक्टरांना रोज छळलं. हळूहळू आवाज परत आला, जरा खरखरीत होऊन. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या इलेक्ट्रिशियन बाई आलेल्या आहेत. ज्यांची वायरिंग बिघडली असेल त्यांनी रांगेत यावं."

शेवटी लेकीनं त्यांना पुण्याला नेलंच. जायच्या दिवशी मी गेले होते. इमारतीतली माणसं गाडीभोवती उभी होती. काका पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली आणि सगळ्यांकडं एकदा डावीकडून उजवीकडं पाहिलं, सावकाश, एकेका तोंडावर थांबत. मला वाटलं आता उद्घोषणा होईल. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकीला म्हणाले, "चल."

पुण्याहूनही फोन यायचा. तिथल्या घरात साधे स्विच होते, त्यामुळं तक्रार नसायची. "पाऊस आहे का तिकडं?" विचारायचे. नाही म्हटलं की हळहळायचे. एका वर्षी मी 'आहे' म्हणाले, तर काका म्हणाले, "फोन खिडकीबाहेर धर," आणि बराच वेळ ऐकत राहिले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, लेक म्हणाली. तिचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याकडच्या एका नव्या बंगल्यात शिडीवर होते. छताजवळ तारा लोंबत होत्या. बोलणं संपल्यावर खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिले. घरातली बाई पळत आली. नवीच लग्न होऊन आलेली होती, घाबरली होती.

"करंट बसला का ओ ताई?"

"नाही. आमचे एक काका वारले."

तिनं पाणी आणून दिलं. मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. मग हळूच विचारलं, "नात्यातले होते का?"

"व्हय," मी म्हणाले. पेला तिच्या हातात दिला, डोळे पुसले आणि पुन्हा शिडीवर चढले.