तिनं सांगितलं होतं

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मी कामं मागे ठेवणारी बाई नव्हे — यादी करायची, एकेक उरकायचं, खोडून टाकायचं. हे मात्र कधी यादीवरच घेतलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी गडचिरोलीत, अहेरीपलीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होते. मुलं माडिया आदिवासी. त्यांच्या वर्तनाला गुण द्यायचे असत — नखं, गणवेश, शिस्त बघून. पण नखांवरून मूल कसं कळणार? म्हणून सातवीतल्या जैनीच्या आजोबांना विचारलं, तुमच्यात चांगलं पोर कोणतं? ते म्हणाले, चुकलं तर चारचौघांत सांगते ते. अन् एकदा सांगितलं की सगळे मिळून खातात. मग तो विषय कुणी काढत नाही.

मला पटलं. दर शनिवारी मोहाच्या झाडाखाली मुलांना गोल बसवू लागले. चूक सांगायची, सगळ्यांनी फुटाणे खायचे, संपलं. गुण त्यावरच. मुलं खरं बोलू लागली. माझं कौतुक झालं — आवडलंही मला ते.

मग नव्या धान्याच्या सणाला दोन लहान मुली वसतिगृहातून गावी गेल्या. नेमकी तेव्हाच तपासणी आली आणि दोन मुली कमी भरल्या. त्या दिवशी मुलींची जबाबदारी माझी. आणि मी कुठे होते? रजा न टाकता चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, घरी.

मुली सुखरूप परतल्या. शनिवारी मी विचारलं, कुणी नेलं? जैनी उठली. "मीच घेऊन गेली, बाई. लहान्या रडून राह्यल्या होत्या." मी तिच्या हातावर फुटाणे ठेवले. सगळ्यांनी खाल्ले.

"बाई, तुमी काऊन अंगावर घेता?" वरून खुलासा मागितल्यावर मुख्याध्यापक म्हणाले. "कोनं नेलं त्याचं नाव सांगा अन् मोकळ्या व्हा."

सांगितलं. जैनीला शाळेतून काढलं. दाखल्यावर 'वर्तन असमाधानकारक' — अक्षर माझंच.

इथवर तुम्ही भित्रेपणा म्हणाल. पण इथं संपत नाही.

आजोबा तिला न्यायला आले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "बाई, पोरीनं सांगतलं नाई का?" त्यांच्या लेखी शिक्षेला दुसरं कारणच नव्हतं. मी 'सांगितलं होतं' म्हणाले असते, तर मग शब्द कुणी मोडला — हेही सांगावं लागलं असतं ना?

"नाही," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. जैनी शेजारीच उभी होती. तिला मराठी मीच शिकवली होती.