शेठनी हात जोडले

ऐका राव, पण हसू नका. म्हणजे हसालच! स्वतःच्या तोंडानं स्वतःची नोकरी घालवणारा माणूस पाहायचा असेल, तर तो तुमच्यासमोर मांडी घालून बसलाय.

जुन्नरला एका मारवाडी शेठची हिरड्याची वखार होती. तिथं आम्ही तिघं: सीताराम, बाळाजी आणि सगळ्यांत नवा मी. त्या साली हिरड्याला गिऱ्हाईकच नाही. शेठ म्हणाले, "तिघांतलं एक मानूस कमी करावं लागंल. इचार करतो."

झालं! कालपर्यंत एका चंचीतला तंबाखू खाणारे आम्ही, आता ज्याची त्याची चंची कमरेला. सीताराम तोललेलं पोतं पुन्हा तोलायचा. बाळाजी शेठवर छत्री धरायचा, तीही वखारीच्या आत! आणि मी? शेठ शिंकले तरी "वा शेठ!" म्हणायचो. काय करणार? पिंपळवंडीला माझं लग्न ठरलेलं. नोकरी गेल्यावर मुलगी कोण देतो?

शेवटी गणेश चतुर्थीला लेण्याद्री चढलो. "गणपतीराया, हा टांगता जीव नको. कुणाला काढायचं ते शेठना एकदाचं सुचव!"

दोन दिवसांनी शेठ वखारीत आले. तोंड उतरलेलं, आवाज खोल गेलेला. सरळ माझ्यापुढे हात जोडले.

"गणूभाऊ, वरीसभरात माझं काय चुकलं असंल, तर मनापासनं माफी मागतो."

काढायचं नसेल तर मालक नोकराची माफी कशाला मागेल, तुम्हीच सांगा! माझं डोकंच फिरलं.

"मलाच का काढता शेठ? ह्यो सीताराम दुपारचा पोत्यांमागं घोरतो! बाळाजी तुमच्या चालण्याची नक्कल करून दावतो!"

"आन् तुमी?"

"मी न्हाई! मी नुसता हसतो!"

शेठनी मग सीतारामपुढे जाऊन तसेच हात जोडले, तेच शब्द. सीतारामनंही हात जोडले, "आमचंबी काय चुकलं असंल तर माफ करा, शेठ." बाळाजीचंही तेच झालं. मग तो माझ्या कानाशी दातओठ खात म्हणाला, "आरं येड्या, उपासाचं पर्व संपलं की शेठ दरसाली समद्यांची माफी मागत्यात. जैनांची रीत हाय ती!"

शेठ म्हणाले, "गणूभाऊ, तुमालाबी माफ केलं."

आणि खरंच केलं हो! लई सज्जन माणूस. काढलं दुसऱ्या दिवशी. गणपती पावला म्हणायचा! नाव सांगायचं मीच विसरलो होतो.

निघताना पाहिलं, तर सीताराम आणि बाळाजी पुन्हा एकाच चंचीतला तंबाखू मळत होते.

पुढं महिन्याभरात पिंपळवंडीचे पाहुणे घरी आले. त्यांनीही माझ्यापुढे हात जोडले, "माफ करा, पावणं."

ह्या खेपेला मात्र मला अर्थ बरोबर कळला.