बोअरमधलं औषध आणि माझं शून्य

तिसऱ्यांदाही उत्तर शून्यच आलं.

मी स्क्रीनकडे बघत बसले होते आणि शंकरन सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. शंकरन सर म्हणजे आमचे बॉस. चेन्नईच्या अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कन्सल्टन्सी आहे. खालचं लेथ मशीन सुरू झालं की वर आमचे मॉनिटर थरथरतात. त्या दिवशी मॉनिटर आणि मी, दोघंही थरथरत होतो.

"शून्य म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

"शून्य म्हणजे शून्य, सर. औषध पाण्यापर्यंत पोचतच नाही."

"पण पोचलंय."

तेच तर दुखणं होतं.

शहराबाहेर आवडी नावाचं गाव आहे, त्याच्या पलीकडे एक लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वसाहत आहे. चाळीसेक घरं आणि सगळ्यांची मिळून एक बोअरवेल. त्या बोअरच्या पाण्यात क्लोरपायरीफॉस नावाचं कीटकनाशक सापडलं होतं. लॅबचा रिपोर्ट दोनदा आला, दोन्ही वेळा तेच. लोकांनी बोअरचं पाणी तोंडात घेणं सोडलं आणि पाण्याचे कॅन मागवायला सुरुवात केली. लेआउटच्या कुंपणाला लागून मुनुसामी नावाच्या माणसाची नर्सरी. जास्वंद, क्रोटन, मोगऱ्याची रोपं. मुनुसामी पाठीला पंप लावून फवारतो हे सगळ्यांनी गच्चीवरून पाहिलेलं. मग आणखी कुठला पुरावा हवा? नर्सरीची जागा लीजवर होती. जागेच्या मालकाने सांगून ठेवलं होतं की लेआउटमधल्या रहिवाशांच्या असोसिएशनने शास्त्रीय रिपोर्ट आणला, तर तो लीज पुढे वाढवणार नाही.

तो शास्त्रीय रिपोर्ट म्हणजे मी.

माझं काम सोपं करून सांगते. जमिनीवर मारलेलं औषध पावसाबरोबर किती खोल जाईल, हे मी कॉम्प्युटरवर मांडते. घरातला कॉफीचा फिल्टर डोळ्यांपुढे आणा. वर पूड, वरून गरम पाणी, खाली डिकॉक्शन. पुडीच्या जागी माती धरा, गरम पाण्याच्या जागी पाऊस. औषध मातीला किती चिकटतं आणि किती दिवसांत विरतं, हे दोन आकडे द्यायचे. मातीत चिकणमाती किती, वाळू किती, ते सांगायचं. मग मॉडेल सांगतं, खालच्या भांड्यात काय उतरेल. क्लोरपायरीफॉस हाताला लागलेल्या हळदीसारखं असतं, मातीला धरून बसतं. आणि नर्सरीतून आमच्या ज्युनियर लोकांनी आणलेली माती होती चिकणमाती. पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी. तिच्यातून ते औषध खाली जाणं म्हणजे आमच्या सासूबाईंनी बँकेच्या रांगेत नंबर येईपर्यंत गप्प उभं राहणं. शक्यच नाही.

असोसिएशनचे सेक्रेटरी पार्थसारथी हे एका बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांचा व्हॉइस मेसेज सकाळी सहाला यायचा. मॅडम, गुड मॉर्निंग, काल काय प्रोग्रेस? मॅडम, आमच्याकडे लहान मुलं आहेत. मॅडम, मशीन जुनं असेल तर नवं वापरा. मी त्यांना मॉडेलचं उत्तर सांगितलं, तेव्हा ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले की मग मॉडेलमध्ये काहीतरी ॲडजस्ट करा ना. जणू मी फॅनचा रेग्युलेटर.

एकदा मुनुसामी स्वतः ऑफिसात आला. साठीचा, काटकुळा माणूस. हातात गोणी, तिच्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या. त्या त्याने माझ्या टेबलावर एकेक करून मांडल्या. त्यांत क्लोरपायरीफॉसचीही एक होती. ती त्याने लपवली नाही.

"वर्षातून दोनदा मारतो, अम्मा," तो म्हणाला. "तेही मुंग्या चढल्या तर. मीही माझ्या विहिरीचंच पाणी पितो. तेवढं लिहा."

मी लिहून घेतलं. त्याच्या विहिरीचं पाणी तपासायला हवं, हे मात्र मला सुचलं नाही. मॉडेलमध्ये मुनुसामीच्या पिण्याच्या पाण्याला कॉलम नव्हता.

आता माझी लाज सांगते. शुक्रवारी सर म्हणाले, सोमवारी रिपोर्ट गेलाच पाहिजे. आमच्या धंद्यात कॅलिब्रेशन म्हणतात, म्हणजे मोजून आलेल्या आकड्याशी मॉडेल जुळवून घेणं. थोडं इकडे, थोडं तिकडे, ते सगळेच करतात. मी चिकणमाती थोडी कमी केली. उत्तर शून्य. आणखी कमी केली. शून्य. औषध चिकटतं तो आकडा खाली आणला, विरतं तो वर नेला. संध्याकाळी पाचला मी त्या नर्सरीच्या जागी जवळजवळ मरिना बीच करून ठेवला होता, आणि लॅबचा आकडा तंतोतंत जुळला. ब्लाउज बसेना म्हणून मी बाईच बदलली होती.

"सूपर," सर म्हणाले. "प्रिंट काढा."

मी प्रिंट काढली. घरी आणली. सही करायची राहिली होती, एवढंच.

रविवारी सकाळी ती प्रिंट जेवणाच्या टेबलावर पडलेली आणि मागच्या अंगणातून हाका. आमचे रघुनाथराव, म्हणजे माझे यजमान, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झाले, पण फोरमनपणा रिटायर झाला नाही. ऑक्टोबरचा पाऊस यायच्या आधी ते दरवर्षी पावसाच्या पाण्याचा खड्डा साफ करतात. चेन्नईत घर म्हटलं की हा खड्डा आलाच. गच्चीवरचं पाणी पाइपाने त्यात सोडायचं आणि जमिनीत जिरवायचं, असा नियम. दरवर्षी ते आत उतरतात आणि मी वरून बादली ओढते. दरवर्षी मी कुरकुरते. त्या दिवशी जरा जास्तच.

खड्डा किती खोल आहे हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांचं डोकंसुद्धा दिसेना. आणि तळातून पुन्हा एक पाइप आणखी खाली गेलेला.

"एवढं खोल कशाला?" मी वरून विचारलं. खरं तर भांडायला.

आमच्या घरात तंजावरी मराठी चालते. पुण्याची पाहुणी मंडळी ऐकून हसतात, हसोत. खालून आवाज आला, "वर अवघी चिकणमाती अहे. पाणी शिरतंच नाही. खाली वाळू अहे, तिथपावेतो पाइप घातला. माती पाणी जाऊ देईना म्हणून तर खड्डा, तुळजा. इंजिनिअर तू की मी?"

मी बादली सोडली. ती त्यांच्या खांद्यावर पडली. त्यावर ते जे बोलले ते तंजावरीतलं असलं तरी इथे लिहीत नाही.

पंचवीस वर्षं मी मातीचा फिल्टर मांडतेय. आणि या शहरात घरटी एकेकाने त्या फिल्टरमध्ये बोट घालून आरपार भोक पाडून ठेवलंय. सरकारी नियमानुसार. माझ्या घरातसुद्धा.

तासाभरात स्कूटरवर आम्ही दोघं त्या लेआउटमध्ये. रघुनाथरावांनी हात धुतले होते, पाय नाहीत. मी साइटवर पहिल्यांदाच जात होते, हे सेक्रेटरींना सांगितलं नाही. तुमचा रेनवॉटरचा खड्डा कुठे आहे, एवढंच विचारलं. पार्थसारथींचा चेहरा फुलला. त्यांनी आम्हाला आधी कॉफी पाजली, मग खड्ड्यापाशी नेलं. स्वच्छ रंगवलेला कठडा, वर जाळी. चारी बाजूंच्या गटारांचं पाणी तिथे येत होतं. बोअरची मोटर तिथून दहा पावलांवर.

रघुनाथरावांनी जाळी उचलली आणि वाकून वास घेतला. फोरमन माणूस, सगळ्याचा आधी वास घेतो. मग माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. औषधाचाच वास होता.

वाळवीवरही हेच क्लोरपायरीफॉस मारतात. मी विचारलं, "सर, लेआउटमध्ये वाळवी होते का?"

"होती," पार्थसारथी म्हणाले. "आता नाही. आमचा माणूस वर्षातून दोनदा येतो, सगळ्या घरांच्या पायाभोवती औषध सोडतो. एकदम स्ट्राँग."

"औषध कुठे कालवतो?"

"इथेच, या नळावर. ड्रमही इथेच धुतो. ते धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नाही, मॅडम. आमच्याकडे एक थेंब वाया जात नाही."

ते हे अभिमानाने बोलले. मग नळाकडे बघितलं, नळापासून जाळीपर्यंत गेलेल्या सिमेंटच्या छोट्या पन्हाळीकडे बघितलं, आणि मोटरकडे. बँकेतला माणूस, हिशेब पटकन कळला. मग हळू आवाजात म्हणाले, "ती पन्हाळी मीच करून घेतली."

मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. घरी माझ्या जेवणाच्या टेबलावर नर्सरीचा मरिना बीच केलेली प्रिंट पडली होती.

खड्ड्यातला गाळ आम्ही बाटलीत भरून घेतला. या वेळी मुनुसामीच्या विहिरीचं पाणीही. सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे क्लायंटला सांगायचं की हे क्लायंटनेच केलंय?"

"हो."

"आणि शुक्रवारी जुळलेलं मॉडेल?"

"ते मी जुळवलं होतं, सर. जुळलं नव्हतं."

खालचं लेथ सुरू झालं. मॉनिटर थरथरले. सरांनी हात पुढे केला, मी प्रिंट दिली आणि त्यांनी ती आडवी-उभी फाडून टोपलीत टाकली. मग म्हणाले की याची फाइल कॉम्प्युटरवरूनही काढा. ती मी काढली नाही. दरवर्षी एकदा उघडून बघते, उतरलेला रक्तदाब पुन्हा वर जायला उपयोगी पडते.

लॅबचा रिपोर्ट आला. गाळात औषध भरपूर, वाळवीच्या ड्रममधलंच. मुनुसामीच्या विहिरीत काहीच नाही. रिपोर्ट त्याप्रमाणे गेला. असोसिएशनने नळ बंद केला, पन्हाळी फोडली, खड्डा तळापर्यंत उपसून नवी वाळू आणि खडी भरली. बोअर कित्येक दिवस नुसती चालवून पाणी सोडून दिलं. एक थेंब वाया न घालवणाऱ्या माणसाला ते रोज उभं राहून बघावं लागलं. पाणी दोनदा स्वच्छ आल्याशिवाय कॅन बंद केले नाहीत.

मुनुसामीची लीज पुढे वाढली. त्याची माफी कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पार्थसारथींनी मात्र खड्ड्याच्या कठड्याभोवती लावायला क्रोटनच्या बारा कुंड्या त्याच्याकडूनच घेतल्या. घासाघीस केलीच.

मी यातून काय शिकले? मॉडेल शून्य म्हणत होतं ते बरोबरच होतं. चिकणमातीतून औषध गेलंच नव्हतं. मी त्याला प्रश्नच चुकीचा विचारला आणि वर त्याचा हात पिरगाळून खोटं कबूल करून घेतलं. हल्ली मी कुठलंही काम घेताना आधी साइटवर जाते आणि जमिनीवरची सगळी झाकणं उचलून बघते. ज्युनियर हसतात.

आणि ऑक्टोबर जवळ आला की मागच्या अंगणात न कुरकुरता बादली ओढते. रघुनाथराव मात्र आता डोक्याला फॅक्टरीतलं हेल्मेट घालून उतरतात.