वायव्येचा कोपरा

कलकत्त्यात आमच्या मामांनी ज्याचं छप्पर पाहिलं नाही असं ओळखीचं एकही घर नव्हतं, आणि ज्या घरातल्या माणसाचा चेहरा त्यांच्या धड लक्षात राहिला असंही एक घर नव्हतं. "ते हो, एस्प्लनेडच्या मागे राहतात, ज्यांचा गच्चीवरचा पत्रा डावीकडून उचललाय," अशी त्यांची ओळख सांगायची तऱ्हा. नोकरी गार्डन रीचला, नदीकाठच्या गोदामांची छपरं सांभाळण्याची. पण मामांनी ती घरी आणली, जेवताना आणली, सत्यनारायणाला आणली. प्रसाद हातात घेऊनही नजर आढ्याकडे. यजमानीणबाई विचारायच्या, "शिरा बरा झालाय ना?" आणि मामा म्हणायचे, "छे छे, दोन खिळ्यांवर उभं आहे सगळं!"

वारा छप्पर ढकलत नाही, उचलतो, हे आम्हा बहिणींना त्यांनी पाढ्यांच्या आधी शिकवलं. "डब्याचं झाकण कसं उघडता? मधून? नाही ना? कडेला नख घालून! वाराही तेच करतो. आणि खिडक्या उघड्या ठेवल्यात, की आत शिरलेला वारा खालून रेटतो, वरचा ओढतो. बिचाऱ्या पत्र्यानं करायचं काय?" पत्र्याची एवढी कणव आली की त्यांचा आवाज कापरा व्हायचा. बाबा गेल्यावर आईला आणि आम्हा दोघींना मामांनीच आपल्या घरी आणलं. त्या दिवशी आई रडत होती, मी रडत होते, आणि मामा स्टुलावर चढून आमच्या खोलीचं छत ठोकून पाहत होते. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता म्हणून सांगू!

ताईचं लग्न ठरलं ते पुण्याला. मुहूर्तही पुण्याच्याच गुरुजींनी काढला: वैशाखातला, गोरज. पुण्यात असेल गोरज! कलकत्त्यात वैशाखातली संध्याकाळ म्हणजे काळबैशाखीची वेळ. दिवसभर पान हलत नाही आणि दिवे लागायच्या सुमाराला वायव्येकडून वादळ अंगावर येतं. पण वरपक्षाला सांगणार कोण? त्यात हॉल मिळाला तो पन्हाळी पत्र्यांचा. मामा आदल्या दिवशी पाना घेऊन वर चढले आणि सगळे बोल्ट आवळून आले, पण चेहरा पडलेला. "वायव्येच्या कोपऱ्यातले, बोल्टांखालचे चार रबरी वायसर पार कुजलेत. नवीन मिळाले नाहीत."

लग्नाच्या दिवशी मी करवली. नवऱ्यामुलाचे बूट मी शिताफीनं लांबवले आणि मामांच्या हत्यारांच्या पिशवीत लपवले. तिथे कोण शोधणार? मामांना तेवढं सांगून ठेवलं. ते "बरं बरं" म्हणाले, पण नजर आभाळाकडे. वायव्येला काळं दाटून आलं होतं.

घटका भरत आली. अंतरपाट धरला गेला. गुरुजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा कुठायत? मुदपाकखान्यात नाहीत, जानवशात नाहीत. विहीणबाईंनी भुवया उंचावल्या, "मुलीला मामा आहे ना नक्की?" ताईचे डोळे भरले. तेवढ्यात बाहेरून हॉलच्या बंगाली व्यवस्थापकांचा आक्रोश, "दादा, नेमे आशून! झोड आशछे!" म्हणजे खाली उतरा, वादळ येतंय! आई अंगणात धावली. मामा छपराच्या टोकावर, पालथे. "दादा, खाली ये रे, मुहूर्त टळतोय!" आई ओरडली. वरून उत्तर आलं, "आधी वायव्येच्या खिडक्या लावा! सगळ्या!"

लावल्या. आत भट्टी झाली. वरपक्षाची मंडळी उपरण्यांनी वारा घेत पुटपुटू लागली. आणि वादळ आदळलं तेव्हाच दारातून मामा आले: चिंब भिजलेले, कोपर खरचटलेलं, पाना कमरेला. ताईनं त्यांचा हात असा घट्ट धरला की सोडेचना. शेजारच्या वखारीचे पत्रे उडाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मंगलाष्टकं मात्र कुणालाच ऐकू आली नाहीत. आमचं छप्पर थरथरलं, कुरकुरलं, पण तसूभर उचललं नाही. अक्षता आम्ही गुरुजींच्या ओठांकडे बघून टाकल्या.

मग मी तोऱ्यात बूट मागितले. मामांनी पिशवीतून काढले. वरचं कातडं शाबूत, चकचकीत; खाली तळवेच नाहीत! "चांगलं जाड रबर होतं हो," मामा ओशाळून म्हणाले. "माझ्या चपला चामड्याच्या, त्यांचे वायसर होत नाहीत." आई मटकन खाली बसली. भावजींनी एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा वर, आणि असे खदखदून हसले की विहीणबाईंनाही हसू आवरेना. भावजी मामांच्या कोल्हापुरी चपला घालून पुण्याला गेले. मामा अनवाणी घरी आले, इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मामांना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा त्याच हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. वादळ आलं तशी मी आधी उठून वायव्येच्या खिडक्या लावल्या. बायका हसल्या. "अगदी मामांवर गेलीस गं!" मी वर बघत राहिले. सगळं छप्पर थडथडत होतं, तो कोपरा तेवढा गप्प होता. मला मामांची फार फार आठवण आली. घरी येऊन भावजींना पत्र लिहिलं. ते दरवर्षी न चुकता विचारतात, म्हणून आधी तेच लिहिलं: तुमचे बूट सुखरूप आहेत.